मांगरातली गाडी मोजायची कशी?

मागच्या खेपेला मी इथे बोललो तेव्हा विषय होता शब्द आणि अर्थ यांचा संबंध, आणि मागच्या रांगेत दोघेजण शांतपणे झोपले होते. आज मोटारगाडीवर बोलणार असं कळल्यावर तेच दोघे पहिल्या रांगेत येऊन बसलेत. त्यांना आधीच सांगून ठेवतो, गाडी येईल, पण मधूनमधून कुमारिल भट्टही येतील. तेवढं सोसावं लागेल.

सुरुवात घरातल्या गोष्टीनं करतो. माझा एक जुना विद्यार्थी आहे, आता पन्नाशीचा, भेडशीच्या पुढे त्याची काजूची बाग आहे. कॉलेजात असताना तर्कशास्त्रात जेमतेम पास झाला होता. त्यानं काही वर्षांपूर्वी गोव्यातून एक जुनी गाडी घेतली. लहानशी, दोन माणसं बसतील एवढीच, वरचं छप्पर काढता येणारी. तिचं नाव सॅन स्टॉर्म. त्याच्या आईनं पहिल्या दिवशी विचारलं, "आणि माका खंय बसयतलंस?" त्याला उत्तर नव्हतं. तर ही गाडी त्यानं मांगरात उभी केली, आणि एका पावसाळ्यात आंब्याची फांदी मांगराचं छप्पर फोडून गाडीच्या पुढच्या काचेवर पडली. काच गेली.

पुढची काच म्हणजे काय, बाजारात जाऊन आणू, असं कुणालाही वाटेल. पण ती काच त्या गाडीसाठीच वळवलेली असते. शेवटी एक काचवाला तयार झाला. म्हणाला, साचा करून देतो, पण एक काच करणार नाही, पंचवीस घ्या. म्हणजे प्रश्न असा आला की देशात या गाड्या पंचवीस तरी उरल्या आहेत का? आणि हा प्रश्न घेऊन तो माझ्याकडे आला. मी त्याला चहा दिला आणि अगदी ठामपणे सांगितलं, "दहाएक असतील."

हे "दहाएक" मी कुठून आणलं? आयुष्यभर पोरांना सांगत आलो की विधानाला आधार पाहिजे, आणि स्वतः असं फेकून दिलं. माझं कारण एवढंच होतं की मी आयुष्यात ती गाडी एकदाच पाहिली होती, त्याच्याच मांगरात. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला.

आता गाडीबद्दल थोडं. स्टॉर्म ही बंगळूरच्या सॅन मोटर्सची. कंपनीची स्थापना १९९८ ची, प्रमुख मिलिंद ठक्कर. रेखाटन फ्रान्समधल्या ल मां ग्रुपचं, इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, ताकद साठेक अश्वशक्ती. अंग फायबरचं. साठ अश्वशक्तीत कसली आली स्पोर्ट्स कार, असं आजची मुलं म्हणतील. पण गाडी हलकी होती आणि आजूबाजूला मारुती ८०० धावत होत्या हे लक्षात घ्या. १९९८ हे सालही बघण्यासारखं आहे. त्याच वर्षी टाटांची इंडिका आली, ह्युंदाईची सँट्रो आली. मध्यमवर्गाच्या हातात पहिल्यांदा निवड आली, आणि त्यानं काय निवडलं? पाच माणसं, दोन पिशव्या आणि आजी बसेल अशी गाडी. ज्या देशात गाडी ही घराची सगळ्यात मोठी खरेदी असते तिथे दोन सीटची गाडी कोण घेणार? ज्याच्याकडे आधीच एक गाडी आहे तो. म्हणजे स्टॉर्म दुर्मिळ झाली याचं कारण तिच्या जन्मातच होतं. ती पहिल्या दिवसापासून कुणाची तरी दुसरी गाडी होती. आणि दुसरी गाडी विकली जात नाही, भंगारातही जात नाही. ती पडवीत जाते. हे पुढे फार उपयोगी पडणार आहे, ध्यानात ठेवा.

तर मोजायचं कसं? कारखान्याची वही आपल्या हातात नाही असं धरून चालू. तरीही किती बनल्या हे काही अंशी काढता येतं, आणि त्याचा इतिहास युद्धातला आहे. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांना कळायला हवं होतं की जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनवतंय. हेरांच्या बातम्यांवरून एक आकडा येई. काही संख्याशास्त्रज्ञांनी वेगळा रस्ता घेतला. हाती लागलेल्या रणगाड्यांच्या भागांवरचे अनुक्रमांक पाहिले आणि त्यावरून हिशेब केला. ऑगस्ट १९४२ या महिन्यासाठी हेरखात्याचा अंदाज होता १५५०. अनुक्रमांकांवरून आलेला, ३२७. युद्धानंतर जर्मन कागद सापडले, त्यात होते ३४२. हेरखात्याला केवढा मोठा खर्च, आणि तिकडे नुसते आकडे वाचणारी माणसं!

रीत सोपी आहे. समजा तुम्ही पाच गाड्या पाहिल्या आणि त्यांच्या अनुक्रमांकांत सगळ्यात मोठा ६०. मग साठाला पाचानं भागा, आले बारा. साठात बारा मिळवा, एक वजा करा. एकाहत्तर. कारण असं की पाच आकडे एक ते शेवटच्या आकड्यापर्यंत साधारण समान अंतरावर विखुरलेले असणार, आणि आपण पाहिलेल्या मोठ्यात मोठ्या आकड्याच्या पुढेही तेवढंच एक अंतर शिल्लक असणार. अट एकच, क्रमांक एकापासून सलग दिलेले पाहिजेत. कंपन्या कधी कधी १०१ पासून सुरू करतात, दिसायला बरं म्हणून.

पण यातून मिळतं ते किती जन्मल्या ते. किती जगल्या ते नाही.

जगल्या किती हे आरटीओत कळेल, असं आपल्याला वाटतं. माझ्या विद्यार्थ्यालाही वाटलं. पण नोंदवही काय सांगते ते नीट बघा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात, कलम ५५, गाडी नष्ट झाली तर मालकानं चौदा दिवसांत कळवायचं. इथे बसलेल्यांपैकी कुणी कळवलंय? हात वर करा. ...बघा. गाडी भंगारवाल्याकडे गेली, तुकडे झाले, लोखंड वितळलं, आणि नोंदवहीत ती अजून जिवंत. हे एका बाजूनं. दुसऱ्या बाजूनं, खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं. मांगरातल्या गाडीचं नूतनीकरण कोण करतो? म्हणजे ती गाडी आहे, हात लावून बघता येते, आणि वहीत मेलेली. वहीतले जिवंत मेलेले असू शकतात आणि मेलेले जिवंत. आपल्या सातबाऱ्यासारखंच की. आजोबांचं नाव अजून वर असतंच ना?

इंग्लंडात १९९८ पासून निराळी पद्धत आहे. गाडी रस्त्यावर काढणार नसाल, नुसती घरात उभी ठेवणार असाल, तरी तसं सरकारला कळवावं लागतं. त्यामुळे तिथे अमुक मॉडेलच्या इतक्या रस्त्यावर, इतक्या घरात, असं बऱ्यापैकी सांगता येतं. एका साध्या फॉर्मनं न दिसणाऱ्या गाड्या मोजण्यासारख्या झाल्या.

आता कुमारिल भट्ट. पहिल्या रांगेतल्यांनी सावध व्हावं.

आपल्याकडे प्रमाणांची चर्चा फार जुनी. प्रत्यक्ष, अनुमान वगैरे तुम्ही ऐकलेलं असतं. कुमारिलांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी आणि पुढे अद्वैत्यांनी सहावं प्रमाण मानलं, अनुपलब्धि. म्हणजे न मिळणं, न दिसणं. जमिनीवर घडा नाही हे मला कसं कळतं? घडा दिसत नाही म्हणून. नैयायिक म्हणाले, यासाठी वेगळं प्रमाण कशाला, अभावही डोळ्यांनीच कळतो. तो वाद आज सोडून देऊ. पण दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य होती, आणि ती मला या सगळ्या विषयाचं मूळ वाटते. नुसतं न दिसणं पुरेसं नाही. ते योग्य न दिसणं असलं पाहिजे. योग्यानुपलब्धि. म्हणजे काय? घडा तिथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. भर दुपारी अंगणात घडा दिसला नाही, तर घडा नाही. अमावास्येच्या रात्री त्याच अंगणात घडा दिसला नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आणि पिशाच दिसलं नाही म्हणून ते नाही असंही म्हणता येत नाही, कारण ते असलं तरी दिसायचं नव्हतंच. आपल्या कोकणात हा शेवटचा दाखला लोकांना लगेच पटतो.

मी जेव्हा "दहाएक" म्हटलं तेव्हा नेमकी हीच चूक केली. मला गाड्या दिसल्या नाहीत, म्हणून त्या नाहीत. पण माझं न दिसणं योग्य होतं का? मी सकाळी दोडामार्गाच्या बाजारात जातो, भाजी घेतो, परत येतो. ज्या गाड्या ताडपत्रीखाली, बंद पडवीत, कुलपाआड उभ्या असतात त्या मला दिसतील अशी काय सोय होती? तेव्हा किती उरल्या हा प्रश्न सोडवायचा असेल तर आधी दुसरा सोडवावा लागतो. माझी शोधण्याची ताकद किती? शंभर असत्या तर त्यातल्या किती मला सापडल्या असत्या? हे कळल्याशिवाय सापडलेल्या आकड्याला अर्थ नाही.

आणि गंमत अशी की ही ताकद मोजता येते. त्याची रीत मासे मोजणाऱ्यांनी आणि बदकं मोजणाऱ्यांनी बसवली. डेन्मार्कचा पीटरसन, १८९६ च्या सुमारास, समुद्रातले चपटे मासे खुणा करून सोडून देत होता. अमेरिकेत लिंकन, १९३०, बदकांच्या पायातल्या कड्यांवरून हिशेब करत होता. पण आपण डेन्मार्कला कशाला जायचं? हत्ती घ्या.

तिलारीच्या खोऱ्यात हत्ती येऊ लागले त्याला वीस वर्षं होऊन गेली. संध्याकाळी मोर्ल्यात हत्ती दिसतो, पहाटे घोटगेवाडीत दिसतो, दुपारी हेवाळ्यातून फोन येतो. हत्ती किती? तीन की एक? ज्याच्या केळी गेल्या त्याला विचाराल तर तो दहा म्हणेल, आणि त्याचं नुकसान बघता मी त्याला दोष देणार नाही. पण ज्या हत्तीची ओळख पटते, ओंकारसारख्या, दात कसे, कान कुठे फाटलाय हे ज्याचं माहीत आहे, त्याच्या बाबतीत गोंधळ होत नाही. ओळख पटली की मोजणी सुरू होते.

तीच रीत गाड्यांना लावा. आकडे समजण्यापुरते घेतो. समजा एका माणसानं यादी केली, प्रदर्शनं, लग्नाच्या वराती, फोटो यांवरून. त्याला वीस गाड्या मिळाल्या. दुसऱ्या माणसानं पहिल्याशी न बोलता वेगळ्या वाटेनं यादी केली, त्याला पंधरा मिळाल्या. दोन्ही याद्या समोर ठेवल्या तर सहा गाड्या दोन्हीत आहेत. आता बघा, दुसऱ्याच्या पंधरांपैकी सहा पहिल्याला आधीच सापडल्या होत्या. म्हणजे पहिल्याची शोधण्याची ताकद पंधरात सहा, शंभरात चाळीस. मग त्याच्या वीस गाड्या हे एकूण संख्येचे चाळीस टक्के. एकूण पन्नास. दुसरी यादी ही पहिल्या यादीची परीक्षा आहे. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरात एक फेरी मारून आलो. योग्यता, जिच्यावर आपले लोक हजार वर्षांपूर्वी अडून बसले होते, ती इथे टक्क्यांत येते.

लहान आकड्यांत ही रीत थोडी फुगते, म्हणून १९५१ मध्ये चॅपमननं एक दुरुस्ती दिली. दोन्ही याद्यांत एकेक मिळवा, गुणा, सामाईक संख्येत एक मिळवून भागा, शेवटी एक वजा. एकवीस गुणिले सोळा, भागिले सात, वजा एक. सत्तेचाळीस. फार फरक नाही. पण सहाऐवजी एकच गाडी सामाईक निघाली तर? साध्या रीतीनं तीनशे, चॅपमनच्या रीतीनं १६७. म्हणजे पाच गाड्यांची ओळख इकडची तिकडे झाली की सगळा हिशेब आकाशाला भिडतो. म्हणून सामाईक संख्या अगदी लहान असेल तर मी आकडा सांगणार नाही, आणखी एक यादी करा म्हणेन.

यात दोन खड्डे आहेत. पहिला असा की दोन याद्या खरोखर वेगळ्या वाटेनं यायला हव्यात. ज्याला गाडी मिरवायची हौस तो प्रदर्शनातही येतो, फोटोतही येतो, वरातीतही गाडी देतो. तोच सगळ्या याद्यांत. मग सामाईक संख्या फुगते, सहाच्या जागी दहा होते, आणि एकूण पन्नासच्या जागी तीस येते. मांगरातल्या गाड्या दोन्हीकडे नसतात, त्यांचा हिशेबच लागत नाही. माझ्या विद्यार्थ्यानं पहिले सहा महिने हेच केलं. एका हौशी माणसाला विचारलं, त्यानं दुसऱ्या हौशी माणसाचं नाव दिलं, त्यानं परत पहिल्याचं.

यावर तोडगा त्यालाच सुचला, आणि तर्कशास्त्रातले त्याचे गुण मी मनातल्या मनात वाढवले. त्याच्या गाडीचा मागचा कोपरा एकदा गेटला लागून तुटला होता. पत्र्याची गाडी असती तर डेंटिंगवाल्याकडे गेली असती. ही फायबरची. डेंटिंगवाल्यानं हात वर केले. शेवटी मालवणात होड्यांना फायबर लावणाऱ्या एकानं तो कोपरा बसवून दिला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की अशा गाडीचा कोपरा तुटला की समुद्रकिनाऱ्यावर तरी ती होडीवाल्यांकडेच जाणार. मग त्यानं वेंगुर्ल्यापासून खाली गोव्यापर्यंत फायबरच्या कारागिरांना विचारायला सुरुवात केली. ही यादी प्रदर्शनवाल्यांशी काडीचाही संबंध नसलेली. इथे ज्या गाड्या येतात त्या मिरवणाऱ्यांच्या नव्हेत, आपटणाऱ्यांच्या.

अर्थात खोट्या बातम्याही आल्या. डिचोलीकडून निरोप आला, तांबडी गाडी आहे, छप्पर नाही, दोन सीटची. आम्ही दोघं आशेनं गेलो. बघतो तर जिप्सी. छप्पर कुणीतरी कापलेलं, मागची सीट कोंबड्यांनी घेतलेली. मालक म्हणाला, "स्पोर्टच आसा मरे ती." वाद घालण्यात अर्थ नव्हता. कोकम सरबत पिऊन परत आलो.

दुसरा खड्डा ओळखीचा, आणि सरहद्दीवर राहणाऱ्या आपल्याला तो चांगला माहीत असायला हवा. गाडी गोव्यातून इकडे आणली की ना हरकत दाखला, पुन्हा नोंदणी, नवा नंबर. जीएची एमएच ०७ होते. वर नवा रंग दिला की संपलं. एका यादीत पांढरी गोव्याची गाडी, दुसऱ्या यादीत निळी सिंधुदुर्गची. गाडी एक, नोंदी दोन. आपल्या उदाहरणात सहांपैकी दोन गाड्या अशा निसटल्या तर सामाईक चार उरतात आणि एकूण पन्नासचे पंच्याहत्तर होतात. एकही गाडी न बनवता पंचवीस गाड्या जन्माला आल्या! पाटीवर विसंबू नये. चेसिस क्रमांक घ्यावा, पेन्सिल घासून कागदावर ठसा घेतात तसा.

चेसिस क्रमांक तरी पक्का ना? इथे महाराष्ट्रातलंच दुसरं उदाहरण आठवतं. डीसी अवंती ही गाडी २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत पहिल्यांदा लोकांपुढे आली. हीसुद्धा दोन सीटची, हिलाही रेनोचंच इंजिन, दोन लिटरचं टर्बो, सीटांच्या मागे बसवलेलं. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेनं कंपनीच्या संस्थापकांना अटक केली. आरोप होता एकाच इंजिन आणि चेसिस क्रमांकावर वेगवेगळ्या राज्यांत नोंदणी झाल्याचा, एकाच गाडीवर अनेक कर्जं घेतल्याचा. विकलेल्या गाड्यांचा आकडा तेव्हाच्या बातम्यांत १२० च्या आसपास येत होता. आरोप म्हणजे निकाल नव्हे, आणि मला त्या प्रकरणात शिरायचं नाही. माझा मुद्दा मोजणाऱ्याचा आहे. पाटी बदलली की एकाच्या दोन होतात. क्रमांक जुळा असला की दोनाची एक होते. मोजणारा दोन्ही बाजूंनी फसतो. आणि अशा वेळी शंभरावर गाड्यांमध्ये लोखंडाच्या किती आणि कागदाच्या किती, हा प्रश्न बँकेच्या पैशांचा होतो, ज्यानं घाम गाळून हप्ते भरले त्याचा होतो.

यापुढचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. गाडी उरली म्हणजे काय उरलं? बौद्धांच्या मिलिंदपञ्हात राजा मिलिंद, म्हणजे यवन राजा मिनँडर, भिक्खू नागसेनाला भेटायला येतो. नागसेन विचारतो, महाराज, चालत आलात की रथातून? रथातून. मग रथ म्हणजे काय? दांडा रथ आहे का? आस? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? स्टॉर्म काढणाऱ्या गृहस्थांचं नावही मिलिंद, हा निव्वळ योगायोग, पण मला तो सोडवत नाही.

आमच्या कोकणात नागसेनाचा प्रश्न पाऊस विचारतो. तीन हजार मिलीमीटरच्या वर पडणारा पाऊस. जुनी फियाट बाहेर ठेवली की आधी पत्रा जातो. दारं गळतात, मडगार्ड गळतं, आणि लांबून कळतं की गाडी संपली. फायबरच्या गाडीचं उलट. अंगाला काही होत नाही. दहा पावसाळ्यांनी धुतलं तरी आकार तसाच, पुसलं की चकाकी. खालचं लोखंड मात्र आतून खाल्लेलं असतं. म्हणजे गाडी दिसते, फोटोत येते, यादीत जाते, आणि जॅक लावला की मधे वाकते. तिला जिवंत धरायचं का? काचवाल्याच्या हिशेबात नाही धरायचं. तिला काच कोण घेणार? इतिहासाच्या हिशेबात धरावं, कारण दुसरी गाडी दुरुस्त करायला तिचं दार, तिचा दिवा लागेल. तेव्हा मोजण्याआधी कशासाठी मोजतोय ते ठरवायला लागतं. संख्या त्यावर बदलते.

किमतीनंही संख्या बदलते, हे थोडक्यात सांगतो. फेरारी २५० जीटीओ, साठच्या दशकातली, छत्तीस बनल्या आणि छत्तीसच्या छत्तीस आजही मोजल्या जातात. त्यांतल्या काही शर्यतींत चेंदामेंदा झालेल्या होत्या. पण किंमत इतकी वाढली की एखाद्या कोपऱ्यापासून पुन्हा उभ्या केल्या गेल्या. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्युसेनबर्ग घ्या, लंडनच्या गर्नी नटिंगनं बांधलेल्या अंगाची. ती गाडी कुठे आहे, कुणाकडून कुणाकडे गेली, सगळं नोंदलेलं. तिच्या जातीच्या, मॉडेल जेच्या, ४८१ बनल्या असं धरतात आणि पावणेचारशेच्या वर टिकल्या. नव्वद वर्षांनंतर! आणि आपली स्टॉर्म, पंचवीस वर्षांची, तिचा पत्ता लागत नाही. होळकरांची गाडी महाग होती म्हणून तिची वही राहिली. मधल्या किमतीच्या वस्तूची वही कुणी ठेवत नाही. मला याचा थोडा राग येतो, खरं सांगतो. कुणीतरी आयुष्यातली कमाई घालून ती गाडी घेतली असेल, कुणीतरी ती बनवायला रात्री जागला असेल.

उलट मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचा शेवट आपल्याला दिवसासह माहीत आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली, टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर शून्य. हा शून्य आहे भर दुपारच्या अंगणातला. परवान्याशिवाय टॅक्सी धावत नाही, धावली तर दिसते. पण टॅक्सी शून्य म्हणजे पद्मिनी शून्य नव्हे. सावंतवाडीच्या वाटेवर मी स्वतः दोन पाहतो, एक चालू, एकीवर भोपळ्याचा वेल.

आता परत भेडशीला. काचेचं काय झालं? आम्ही दोघं वर्षभर या हिशेबात होतो आणि एकूण आकड्याच्या मागे लागलो होतो. एक दिवस त्याची आई म्हणाली, "किती आसत ता कशाक होया? किती जाण पैशे दितले ता बघ." मी गप्प झालो. काचवाल्याला एकूण गाड्यांशी कर्तव्य नव्हतंच. ज्यांना काच हवी, ज्यांचं लोखंड शाबूत आहे, आणि जे आगाऊ पैसे देतील असे पंचवीस हवे होते. त्यासाठी एकूण पन्नास आहेत की पाऊणशे, याची गरज नव्हती. सापडलेल्यांची खात्रीची यादी पुरेशी होती. अंदाजानं एवढंच सांगितलं की यादीबाहेरही बऱ्याच असाव्यात, तेव्हा शोध थांबवू नये.

यादी अजून पुरी झालेली नाही. काचेच्या जागी सध्या प्लास्टिकचा जाड पडदा आहे आणि गाडी मांगरातच आहे.

म्हणून जाण्यापूर्वी एक काम सांगतो. इथे बसलेले आणि नंतर हे भाषण ऐकणारे, वाचणारे, सगळ्यांना. तुमच्या गावात, नातेवाइकांच्या पडवीत, ताडपत्रीखाली अशी दोन सीटची लहान गाडी असेल तर कळवा. पाटीचा नंबर नको, मालकाचं नाव त्याच्या परवानगीशिवाय नको. चेसिस क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि जमलं तर पेन्सिलीचा ठसा. आणि ज्यांना सापडली नाही त्यांनीसुद्धा कळवा. कुठे शोधलंत, कुणाला विचारलंत, किती मांगरांची दारं उघडून पाहिलीत ते लिहा. नुसतं "आमच्याकडे नाही" असं लिहू नका.

प्रश्न असतील तर विचारा. जिप्सीवाल्यांनीही विचारायला हरकत नाही.